गुरुवार, सहा ते नऊ

त्या बाई मला नेमकं काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मी कबूलही केलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

नोव्हेंबरातला गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजायला पाच-सात मिनिटं कमी असतील. स्वीडनमधल्या उप्सालात त्या दिवसांत साडेतीनलाच अंधार होतो, त्यामुळे सहा म्हणजे मनाने रात्रीचे दहा. मी दोन्ही हातांत धुण्याच्या पिशव्या घेऊन तळघराचा जिना उतरले, कोपराने दार ढकललं, तर त्या अजून आतच. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. पांढरे केस कानाच्या पाळीपर्यंत सरळ कापलेले, करड्या लोकरीचं जाकीट, पायांत लाकडी तळव्याच्या सपाता आणि हातात भली मोठी पांढरी चादर. त्यांची वेळ तीन ते सहा, माझी सहा ते नऊ. गेली दोन वर्षं आम्ही एकमेकींना त्या दारात ओझरतं बघतोय. 'हेय' म्हणायचं, नजर खाली घालायची, संपलं. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि एक वाक्य बोलल्या. छोटंसंच होतं. पण मशीनची शेवटची घरघर चालू होती आणि माझ्या कानांनी त्यातले दोनच शब्द उचलले. 'दू' आणि 'द्रा'.

'दू' म्हणजे तू. त्याचं काही वाटलं नाही, कारण इथे पंतप्रधानालाही तूच म्हणतात. १९६७ साली ब्रूर रेक्सेड नावाच्या एका बड्या सरकारी अधिकाऱ्याने आरोग्य खात्याची सूत्रं हाती घेताना 'मी सगळ्यांना दू म्हणणार' असं जाहीर केलं आणि त्याच सुमारास या भाषेतलं अहो-जाहो पार मोडीत निघालं. (मी मात्र मनातल्या मनात त्यांना 'त्या बाई'च म्हणते. पांढऱ्या केसांना अरे-तुरे करायला माझी जीभ अजून तयार नाही.) प्रश्न होता 'द्रा'चा. तो शब्द मला चांगलाच माहीत होता. माझी अकरा वर्षांची लेक धाकट्या भावाला खोलीतून हाकलताना दिवसातून दहादा तो वापरते. द्रा! चालता हो. फूट इथून.

माझी कानशिलं तापली. 'फेरलोत', म्हणजे माफ करा, एवढं पुटपुटून मी पिशव्यांसकट उलट्या पावली बाहेर आले आणि जिन्याखाली सायकली लावतात तिथे उभी राहिले. जिन्यातला दिवा मिनिटाभराने आपोआप विझतो. विझला. मी तो परत लावलाही नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी आत गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. टेबल पुसलेलं, फरशी पुसलेली, नियमाप्रमाणे मशीनचं दार किंचित उघडं ठेवलेलं, आणि खोलीभर गरम सुती कापडाचा वास.

आमची इमारत त्या दहा लाखांतली. १९६५ ते १९७४ या काळात या देशाने दहा लाख घरं बांधून काढली, त्यातलीच एक. घरात मशीन नाही, सगळ्या इमारतीला मिळून तळघरात एक धुण्याची खोली. त्वेटस्तूगा. बाहेरच्या भिंतीवर महिन्याच्या दिवसांचा आणि वेळांचा एक फळा, त्यावर भोकं. प्रत्येक घराला आपल्या क्रमांकाचं एक छोटं गोल कुलूप मिळतं. हव्या त्या वेळेच्या भोकात ते अडकवायचं आणि किल्ली फिरवायची, की त्या तीन तासांचे मालक तुम्ही. चौथ्या मजल्यावरचे विद्यापीठातले प्राध्यापक आणि तळमजल्यावरचा बस चालवणारा एरिट्रियन तरुण यांना सारखेच तीन तास मिळतात. पुढे इथले पंतप्रधान झालेल्या पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये संसदेत 'लोकांचं घर' असा शब्द वापरून देश कसा असावा ते सांगितलं होतं. चांगल्या घरात कुणी लाडका नसतो आणि कुणी सावत्र नसतो, असं काहीसं. मला ते भाषण भाषेच्या वर्गात वाचायला दिलं होतं तेव्हा फारसं भिडलं नव्हतं. त्या फळ्यावरची एकसारखी कुलपं बघितल्यावर भिडलं.

पण लोकांच्या या घरात लोक बोलत नाहीत. चिठ्ठ्या लिहितात. 'तुम्ही, ज्यांनी मंगळवारी सुकवण्याच्या कपाटात मोजे विसरलात...' अशी सुरुवात, मध्ये नियमाचा क्रमांक, मग एक हसरा चेहरा आणि शेवटी 'सस्नेह, एक शेजारी'. आपल्या पुणेरी पाटीचीच ही थंड हवेतली मावसबहीण. फरक इतकाच, की पाटी लावणारा गृहस्थ पाटीच्या मागे, दाराच्या आत, बाह्या सरसावून बसलेला असतो. इथे सही करणारा 'एक शेजारी' म्हणजे बेचाळीस घरांपैकी कुणीही असू शकतो. लिफ्टमध्ये तुमच्याकडे बघून गोड हसणारासुद्धा.

आमच्या पहिल्याच हिवाळ्यात मला अशी एक चिठ्ठी आली होती. मला म्हणजे माझ्या नावाने नव्हे. वाईहून येताना मी आजीने शिवलेली गोधडी आणली होती. तिच्या जुन्या लुगड्यांचे थर, वर आईच्या दोन फाटक्या साड्या, आणि बाजूने पांढऱ्या जाड दोऱ्याचे धावते टाके. ती मी मशीनमध्ये घातली. चाळीस वर्षांचं सूत त्या दीड तासात सुटं झालं आणि सुकवण्याच्या मशीनच्या जाळीत जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी: 'तुम्ही, ज्यांनी अनेक रंगांचं पांघरूण धुतलंत, कृपया जाळी साफ करा.' शेजारी छायाचित्र, जाळीवर साचलेल्या लवेचं. गुलाबी, हिरवा, थोडा जांभळा. मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. लाज वाटत होती आणि त्याचवेळी त्यातला जांभळा आजीच्या कुठल्या लुगड्याचा तेही आठवत होतं. बेचाळीस घरांत अनेक रंगांचं पांघरूण कुणाचं असणार, हे सांगायला पोलिस लागले नसते.

म्हणूनच त्या दिवशी कानांनी 'द्रा' उचललं असावं. मन आधीच तक्रार ऐकायला तयार बसलेलं होतं.

वर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अगं, इतक्या वयाच्या बाई असं कशाला बोलतील? मला त्याचा राग आला. त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं म्हणून जास्तच आला. बोलल्या नसतील तर मी पळाले कशाला? आणि बोलल्या असतील तर मी गप्प का बसले? रात्री गाद्यांवर धुतलेल्या खोळी चढवताना, शुक्रवारी गाडीत, शनिवारी मुलांच्या मागे मागे फिरताना ते वाक्य माझ्याभोवती भुणभुणत राहिलं. वाक्यही नव्हे, वाक्याची दोन हाडं.

इथला आठवडा ही एक वेगळीच चीज आहे. तारीख कुणी सांगतच नाही. 'आठवडा ४६ मध्ये भेटू', 'आम्ही आठवडा २८ ते ३१ सुट्टीवर'. हिवाळ्यातली शाळेची खेळाची सुट्टी गोटेबर्गला आठवडा ७ मध्ये आणि स्टॉकहोमला ९ मध्ये, हे लोकांना आपल्याला एकादशी ठाऊक असावी तसं तोंडपाठ. पहिली दोन वर्षं मी कुणी आठवड्याचा आकडा टाकला की गुपचूप टेबलाखाली फोन काढून बघायची. मग एका जानेवारीत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बसून प्रत्येक सोमवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहून टाकला. आता संकष्टीच्या शेजारी २९ असतो, घटस्थापनेच्या शेजारी ३९. संकष्टीचं म्हणाल तर जूनमध्ये चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र होते आणि नोव्हेंबरात ढगांमुळे उगवला तरी दिसत नाही, तेव्हा आमच्या घरात उपवास वाईच्या चंद्रावर सुटतो. हा आईचा निर्णय. तिच्या मते गणपतीला एवढं चालतं.

आठवड्याच्या आत पुन्हा वारांचे नेम. गुरुवारी दुपारी ऑफिसच्या खानावळीत वाटाण्याचं घट्ट पिवळं सूप आणि त्यावर जॅम लावलेली पातळ धिरडी. शुक्रवारी घरोघरी टाको, का ते कुणी विचारत नाही. शनिवारी मुलांना गोळ्या. हा शनिवारचा नेम मला फार गोड वाटायचा. दुकानात उघड्या खणांमधून छोट्या फावड्याने रंगीबेरंगी गोळ्या कागदी पिशवीत भरायच्या, वजन करायचं, आणि मुलांनी ती पिशवी आठवडाभर वाट पाहिल्याच्या ऐटीत मिरवायची. मग कळलं की ही शिस्त आली कुठून. १९४० च्या दशकात लुंडमधल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडतात का ते पाहिलं गेलं. किडले. त्यावरून देशाला सल्ला मिळाला, की गोड खायचंच तर आठवड्यातून एकदा खा. आता शनिवारी लेकरं फावडं घेऊन उभी राहतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर हसते खरी, पण ज्यांना विचारलंही नव्हतं त्यांचे ते दात डोक्यातून जात नाहीत. या देशाच्या नीटनेटकेपणाच्या तळाशी कधी कधी असं काहीतरी हाताला लागतं.

रविवारी आईचा फोन. हिवाळ्यात आपण साडेचार तास मागे, म्हणजे माझी सकाळची कॉफी आणि तिची दुपारची वामकुक्षी झाल्यानंतरचा चहा एकत्र. इकडचं तिकडचं झाल्यावर मी तिला ते सांगितलं. सांगायचं नव्हतं, तिला उगाच काळजी वाटेल म्हणून. पण सांगून गेले. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं आता म्हणणार, दुर्लक्ष कर, आपण आपल्या वाटेने जावं.

"त्यांच्या हातात काय होतं म्हणालीस?"

"चादर. पांढरी."

"ओली का सुकलेली?"

"सुकलेली असावी. गरम कापडाचा वास होता."

"एकट्या होत्या?"

"हो."

"मग काय तर!" आई म्हणाली. "अगं, दुसरी टोकं धरायला बोलावत असतील तुला. एकटीला कशी ओढता येणार चादर? आणि तू पळालीस?"

आई सातवी शिकलेली. स्वीडन कुठे आहे ते तिला मी नकाशात दाखवलं तेव्हा 'एवढ्या वर कशाला गेलात' म्हणाली होती. भाषेच्या वर्गात दोन वर्षं घालवून मला जे कळलं नाही ते तिला तीन प्रश्नांत कळलं, कारण तिने शब्दांकडे बघितलंच नाही. हातांकडे बघितलं.

मग मला सगळंच आठवायला लागलं. घट बसायच्या आधीचा तो आठवडा, ज्याला आमच्याकडे 'दसरा काढणं' म्हणतात. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर. कृष्णेला पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळून जरा हिरवट रंग आलेला असायचा. हातगाड्यावर गोधड्यांचा ढीग, त्यावर आम्ही पोरी, आणि ढोल्या गणपतीच्या अलीकडे उतरायचं. आजीचा स्वतःचा दगड होता. म्हणजे नदीचाच, पण आजीचा. दुसरी कुणी आधी येऊन बसली तर आजी काही बोलायची नाही, नुसती बादली दाणकन त्याच्याशेजारी ठेवायची. थापीचे आवाज समोरच्या काठावर आपटून परत यायचे, त्यामुळे नदीवर जितक्या बायका असत त्याच्या दुप्पट धुणं चाललंय असं वाटायचं. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाही. एका टोकाला आई, दुसऱ्याला काकू, दोघी उलट्या दिशांना पिळत जायच्या, मधे गोधडीचा जाड दोरखंड व्हायचा आणि पाणी आधी धारेने, मग थेंबाथेंबाने खाली. पिळता पिळता कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सगळं बोलून व्हायचं. आता उगाच आठवणींना साखर लावायची नाही. त्या गप्पांनी कितीतरी जणींचं जिणं नकोसं केलं होतं. आणि वाईत घाट आळीआळीचे होते. कुणी कुठल्या पायरीवर बसायचं, कुणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि कुणी खालच्या, हे कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं आणि कुलूपही नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या तळघरातला फळा त्या मानाने किती सभ्य. पण गोधडी पिळायला तिथे दुसरं माणूस मिळत नाही, हेही खरं.

संध्याकाळी गच्चीवर साड्यांच्या घड्या. आईच्या साड्या सुती, खळ दिलेल्या, उन्हात कडक होऊन पापडासारख्या वाजायच्या. काठ आक्रसलेले. ते सरळ करायला दोघी लागायच्या. मी पदराची टोकं धरायची, आई दुसरीकडची, आणि दोघींनी मागे झुकून ताणायचं. "ओढ गं! जेवत नाहीस का?" एकदा डावं टोक, एकदा उजवं. मग फटकारा मारायचा, साडीतून हवा फाटल्याचा आवाज यायचा, की आईने चालत माझ्याकडे यायचं आणि आपली टोकं माझ्या हातात द्यायची. खाली वाकून पडलेली घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. माझा आवडता उद्योग म्हणजे ऐन ताणाच्या क्षणी टोकं सोडून देणं. आई दोन पावलं मागे हेलपाटायची, एकदा तर तुळशीच्या कट्ट्यावर बसलीच. मार पडला. पण मार देऊन झाल्यावर ती तिथेच कट्ट्यावर बसून हसत सुटली होती, साडी अर्धी मांडीवर, अर्धी गच्चीत.

इथे मी चादरींच्या घड्या एकटीच घालते. एक कड हनुवटीखाली, एक काखेत, दोन हातांत. नवऱ्याला बोलावलं तर तो येतो, पण त्याला टोक म्हणजे काय हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. हल्ली चादरींना चारी बाजूंनी इलॅस्टिकच असतं, घडी होतच नाही, बोळा करून कपाटात कोंबायचा. आणि कोंबताना मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं की काहीतरी राहिलंय. आईने विचारलं त्या रविवारपासून वाटायला लागलं. ओढ हा शब्द किती चमत्कारिक आहे नाही, दोन टोकं असल्याशिवाय होत नाही.

सोमवारी फीकाच्या वेळी ऑफिसात मैत्रिणीला विचारलं. (फीका म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. नाव काहीही असलं तरी कॉफी फिकी नसते, चमचा उभा राहील इतकी कडक असते.) ही मैत्रीण उत्तरेची, उमेओ गावची. पहिल्या दिवसांत तिच्यामुळेही मी अशीच फसले होते. काहीही विचारलं की ती एकदम दचकल्यासारखा श्वास आत ओढायची. श्श्प. मला वाटायचं, आपण भलतंच काहीतरी विचारून बसलो. महिन्याभराने कळलं की तिकडे तो 'हो' असतो. तोंड न उघडता, श्वास आत घेऊन म्हटलेला हो. तर तिला मी चादरीचं सांगितलं. "द्रा लाकन!" ती टाळी वाजवून म्हणाली. लाकन म्हणजे चादर, द्रा म्हणजे ओढणं. 'चालता हो' हा त्याचा रस्त्यावरचा, पोरांचा अर्थ. तिची आजी दर पंधरवड्याला नातवंडांना चादरी ओढायला उभं करायची, मग त्या मांगलमध्ये, म्हणजे दोन लाकडी रुळांच्या यंत्रात, दाबून काढायची, इस्त्रीच लागायची नाही. आणि तिचा भाऊ ऐन वेळी टोक सोडून द्यायचा. आजी शेगडीवर आपटली होती एकदा.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं मला शब्द कळला नाही, म्हणून तिने हाताने सोडून दाखवलं.

तिनेच मला वाक्य शिकवलं. स्का वी द्रा लाकन? आपण चादर ओढू या का? "शेवटचा शब्द विसरू नकोस हं," ती म्हणाली. "नाहीतर अर्थ होतो, चल, सटकू या."

त्या गुरुवारी मी सहाला वीस मिनिटं असतानाच खाली गेले. खोलीत अंधार. फळ्यावर तीन ते सहाच्या भोकात कुलूपच नव्हतं. त्यांचा घर क्रमांक मला आता पाठ झाला होता, ते कुलूप संपूर्ण फळ्यावर शोधलं. कुठेच नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मन कुठे कुठे जाऊन आलं. वय झालेलं माणूस, एकटं, नोव्हेंबर. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आहे, पितळी पाटीवर आडनाव, मी तीनदा त्या दारावरून जिना चढले. आपल्याकडे मी एव्हाना बेल वाजवून 'बऱ्या आहात ना' विचारलं असतं, सोबत वाटीत काहीतरी घेऊन. इथे न सांगता बेल वाजली तर लोक आधी घाबरतात. भोकातून बघतात. मला खात्री आहे, काही जण शेजारी जिन्यातून जाईपर्यंत दाराच्या आत थांबतात, मग बाहेर पडतात. खात्री आहे, कारण हल्ली मीही थांबते.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी घट मांडायचा तर पाच झाडांच्या डहाळ्या कुठून आणायच्या? बाहेर पानं असलेलं झाड म्हणजे फक्त सूचिपर्णी. आणि इथल्या कायद्याने रानात कुणीही हिंडावं, बोरं-अळंबी गोळा करावीत, पण जिवंत झाडाची फांदी तोडता येत नाही. मग वाऱ्याने पडलेल्या दोन डहाळ्या, एक स्प्रूसची आणि एक पाइनची, आणि उरलेल्या तीन घरातल्या कुंड्यांमधून. महालक्ष्मीने चालवून घेतलं असावं. त्या रविवारी समोरच्या इमारतीत खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्यांचे आकाशकंदील लागले. नाताळच्या आधीचे. दर वर्षी मला वाटतं, दिवाळी संपून महिना झाला तरी इथे कुणी उतरवायचंच विसरलंय.

आठवडा ४९. कालनिर्णयावर त्याच गुरुवारी दत्तजयंती होती. पौर्णिमेचा चंद्र दुपारीच उगवून बसलेला, हिवाळ्यात तो इथे फार उंच चढतो, आणि पार्किंगमधल्या बर्फावर एवढा उजेड की मोटारींच्या सावल्या पडलेल्या. पावणेसहाला मी पिशव्या घेऊन खाली उतरले. खोलीत दिवा होता.

त्या होत्या. तेच जाकीट, त्याच सपाता. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. सुकवण्याच्या कपाटाचं दार उघडून चादरी एकेक करून डाव्या हाताने काढत होत्या, आणि टेबलावर चुरगळलेला पांढरा ढीग. मला बघून 'हेय' म्हणाल्या आणि नजर खाली. दोन आठवडे घोकलेलं वाक्य मी तोंड उघडून म्हटलं, आणि घाबरून शेवटचा शब्द गिळला.

"स्का वी द्रा?"

चल, सटकू या का. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. माझ्या हातातल्या दोन फुगलेल्या पिशव्यांकडे बघितलं. मी पिशव्या खाली टाकल्या आणि दोन्ही हात पुढे केले, चिमटीत काही धरल्यासारखे.

श्श्प. त्यांनी श्वास आत ओढला.

चादर जाड होती, जुन्या काळची, कडेला पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याने दोन अक्षरं भरतकाम केलेली. मला दोन टोकं मिळाली. मी आईच्या सवयीने आधी फटकारा मारायला गेले, तर त्यांनी मान हलवली. आधी ताण. त्या मागे झुकल्या, लाकडी सपाता फरशीवर घट्ट रोवून, आणि मला कळलं की दुखऱ्या मनगटाने ओढत नाहीयेत, सगळ्या अंगाने ओढतायत. मीही झुकले. उजवं टोक, डावं टोक. सुती धागा करकरला. क्षणभर माझ्या बोटांना जुनी खाज सुटली, सोडून द्यावं का म्हणून. त्यांच्या मागे मशीन होतं. नाही सोडलं. मी चालत पुढे जायला लागले तर पुन्हा मान हलली. "एन गोंग तिल." अजून एकदा. पुन्हा झुकलो. मग त्याच चालत आल्या आणि आपली टोकं माझ्या हातात दिली. त्यांची बोटं कपाटातल्या कापडासारखी कोरडी आणि गरम होती.

सात चादरी झाल्या. एकही शब्द नाही. त्या मांगलचं बटण दाबून घड्या रुळांत सारत गेल्या आणि मी पलीकडून सपाट झालेल्या घेत गेले. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, म्हणजे माझ्या वेळेतली वीस गेली होती, आणि फळ्याच्या हिशेबाने तो गुन्हाच होता. घड्या टोपलीत रचून त्यांनी टोपली डाव्या कमरेवर घेतली, अगदी आपल्या बायका घागर घेतात तशी. 'टाक', म्हणजे आभार, म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. वळून त्यांनी सुकवण्याच्या मशीनकडे हनुवटीने इशारा केला.

"फिल्त्रेत," त्या म्हणाल्या. आणि मग सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, की गेल्या आठवड्यात मी जाळी साफ करायची विसरले होते.